कुर्र-कट्चा बंदोबस्त

गाडीची स्प्रिंग शिकंज्यात आवळून धरलेली असताना शिंक आली तर काय करायचं, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. मला शिंक येत होती. स्प्रिंग माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये होती, शिकंजा भाड्याचा होता, आणि समोर धरणवाले काका हाताची घडी घालून उभे होते.

धरणवाले काका म्हणजे आमच्या बिल्डिंगमधले निवृत्त इंजिनियर. आयुष्यभर त्यांनी धरणं बांधली. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती फुटली तर काय होईल, हेच त्यांना आधी सुचतं.

"आत्ता त्या स्प्रिंगमध्ये एक म्हैस दबून बसलीय असं समज," ते म्हणाले. "आणि ती उठायला बघतेय."

"काका, जरा बाजूला होता का?"

"मी बाजूलाच आहे. सुटली तर ती सरळ वर जाणार. वर कोण राहतं?"

वर चेअरमन राहत होते. ते गॅलरीत उभे राहून आमच्याकडेच बघत होते. काकांचा प्रश्न ऐकला आणि ते आत गेले.

मी शिंक गिळली. शिंक गिळल्यावर ती कुठे जाते माहीत नाही, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आई जिन्यात खुर्ची टाकून बसली होती, ती म्हणाली, "रडू नकोस रे. नाही जमलं तर नाही जमलं."

मला जमवणं भाग होतं. गाडीची सरकारी तपासणी दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी होती; गर्दी इतकी की हल्ली ते रविवारीही तपासतात. गाडी जुनी झाली की तिला ती अजून धडधाकट आहे असा दाखला लागतो. माणसांना लागत नाही म्हणून आमचे चेअरमन चेअरमन आहेत. ही तारीख मिळवण्यासाठी मी कित्येक दिवस त्या वेबसाइटसमोर बसलो होतो. तिला माझा मोबाइल नंबर पटायचा तेव्हा गाडीचा नंबर पटायचा नाही, आणि दोन्ही पटले की तिची जेवणाची सुट्टी व्हायची. जुना दाखला आठवडाभरात संपत होता. ही तारीख हुकली तर पुढची मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती, आणि नापास झाली तर थेट भंगारात.

बरं, गाडी गेली तर गेली असं म्हणायची सोय नाही. आईचे गुडघे वाकत नाहीत. आमची गाडी जुन्या पद्धतीची, उंच. दार सताड उघडतं, सीट आईच्या कमरेला लागते, ती नुसती मागे टेकते आणि बसलेली असते. हल्लीच्या गाड्यांत माणसाला घडी घालून ठेवावं लागतं. एकदा तिला टॅक्सीत बसवलं होतं. बसली ठीक, पण बाहेर काढायला मी, ड्रायव्हर आणि रस्त्यावरचा एक अनोळखी गृहस्थ लागलो. त्यानंतर तिने जाहीर केलं की आपल्या गाडीतून जाईन, नाहीतर जाणार नाही. आणि तिला जायचं असतं एकाच ठिकाणी. शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात तिची मोठी बहीण असते, तिच्याकडे. दर रविवारी. मावशीला दुसरं कोणी भेटायला येत नाही.

गाडीचा आजार सगळ्या गल्लीला पाठ होता. खड्डा आला की पुढून कुर्र, खड्डा गेला की कट्. ब्रेक दाबला की गाडी जरा विचार करून थांबायची. मी ती गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने एका बाजूने बॉनेट दाबलं, सोडलं, गाडी बराच वेळ मान डोलवत राहिली. तो म्हणाला, "पुढचं सगळं गेलंय. शॉकअब्सॉर्बर, खालचे रबर, ब्रेक, सगळं. ह्याच्यावर कशाला वेळ घालवता? उचलून नेतो मी." आणि तो हसला. हे सगळं आईसमोर. आईने माझ्याकडे बघितलं. तिने नुसतं बघितलं, आणि मी म्हणालो, "मी घरी बदलतो."

माणूस आयुष्यात असली वाक्यं फार सहज बोलून जातो.

एवढं खरं की आई परत येताना म्हणाली होती, "आवाज काढून टाकणार म्हणतोस? ताई आवाजावरूनच ओळखते हो गाडी." मी म्हणालो, आता शांतपणे जाऊ. तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही, कारण तेव्हा मी मोबाइलवर बोल्ट सोडवायचे पाने निवडत होतो.

बायको ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तिने रजा टाकली, कारण तिच्या मते मी एकट्याने करण्यासारखं हे काम नव्हतं. तिने आल्या आल्या ताबा घेतला. गाडीच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, डावीकडे खेळाचं पान, उजवीकडे छोट्या जाहिराती. डाव्या चाकाचे नवे-जुने भाग खेळावर, उजव्याचे जाहिरातींवर. पाने मोजून मांडले. "परत लावताना मोजल्याशिवाय बंद करायचं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे एकदा चिमटा कमी भरला होता. पेशंट फार चांगला होता, पण परत उघडावा लागला."

"गाडी आहे ही."

"म्हणूनच सांगतेय. पेशंट निदान सांगतो की टोचतंय."

स्प्रिंग शेवटी नव्या शॉकअब्सॉर्बरवर बसली. कोणी मेलं नाही. धरणवाले काका किंचित निराश झाले. पण पहिल्या बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूला करायचं होतं, आणि दुसऱ्या बाजूचा एक बोल्ट गाडी जन्मल्यापासून कोणी हलवला नव्हता. मी पाना लावून त्यावर उभा राहिलो. बायको म्हणाली उडी मारा. मी उडी मारली. पाना सुटला, मी बसलो, आणि नेमके तेव्हाच चेअरमन खाली आले. माणूस जमिनीवर बसलेला असताना त्याला समज देणं सोपं जातं.

"मी ग्रुपवर सूचना टाकली होती," ते म्हणाले. "आवारात अवजड दुरुस्ती करू नये."

"ही हलकी आहे," मी बसूनच म्हणालो.

"आणि आवार किती अस्वच्छ दिसतंय. जिन्यापर्यंत वाळू, गंज, रबराचे तुकडे. सभासदांनी परिसर स्वच्छ ठेवावा, हा ठराव झालेला आहे."

ते आईकडे बघून बोलत होते. आईने शिवणाचा क्लास चालवला आहे. मशीनखाली चिंधी दिसली तर ती मुलींना घरी सोडायची नाही. तिला अस्वच्छ म्हणणं आणि कानाखाली मारणं यात फारसा फरक नाही. तिने जिन्यातल्या केरसुणीकडे बघितलं. ते बघणं मी ओळखायला हवं होतं.

बोल्ट दुपारी सुटला. आम्ही वर जेवायला गेलो. आई म्हणाली, मला भूक नाही, तुम्ही जा.

जेवून खाली आलो तेव्हा आवार आरशासारखं लखलखत होतं. आई खुर्चीत बसून पदराने घाम टिपत होती. वर्तमानपत्रं जागच्या जागी होती, भाग त्यांवर नीट ओळीत. मला तर बरं वाटलं. मी नव्या डिस्क बसवल्या, त्यांना चिमट्यासारखे पकडणारे ते दोन नवे कॅलिपर बसवले, आत ब्रेकचे पॅड सरकवले, तेलाच्या नळ्या जोडल्या. सगळं इतक्या सहज बसलं की मी शीळ घालायला लागलो. व्हिडिओतला माणूसही नेमक्या याच ठिकाणी शीळ घालतो.

एकच काम राहिलं होतं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. आत एकजण पेडल दाबून धरतो, बाहेर बसलेला स्क्रू सैल करतो, तेलाबरोबर बुडबुडे येतात, स्क्रू बंद, पेडल सोड. बुडबुडे संपेपर्यंत. बायकोने नळीखाली बाटली धरली, मी स्क्रूशी बसलो आणि पेडलवर आईला बसवलं, कारण तिला फक्त बसायचं होतं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

आतून टक-टक-टक-टक आवाज आला.

"आई, धर म्हणालो. शिवत नाहीयेस."

"सवय आहे रे पायाला. गुडघे गेले, घोटा अजून मशीनवरचाच आहे."

तेवढ्यात चेअरमन धावत खाली आले. चेहरा पडलेला. त्यांची नवी गाडी आतल्या बाजूला उभी होती आणि तिच्या तोंडासमोर आमची, चाकं नसलेली, दोन स्टँडवर. संध्याकाळी त्यांचे व्याही स्टेशनवर उतरणार होते.

"टॅक्सी करा की," धरणवाले काका म्हणाले.

"व्याह्यांना टॅक्सीने आणू? छपराला काच असलेली गाडी घेतली म्हणून सांगितलंय मी. ते फोनवर हसले होते." चेअरमन माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम सभासदासारखा झाला. "किती राहिलंय?"

"हवा काढायची आहे. पेडल दाबायला कोणी धड माणूस नाही."

"धड माणूस," आई गाडीतून म्हणाली, "मी खालीच उतरते कशी."

तिला मागच्या सीटवर नेऊन बसवलं आणि पुढे चेअरमन बसले. त्यांना 'दाबा' म्हटलं की ते "दाबण्यात आलेलं आहे" असं कळवायचे, आणि फोन वाजला की पाय सोडून फोन घ्यायचे. मग आत हवा शिरायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दाबा. धरा. सोडा. दाबा. बाटली भरायची, मी नवं तेल ओतायचो, बुडबुडे यायचे, कमी व्हायचे, बंद व्हायचे. मग मी आशेने विचारायचो, "कसं लागतंय?"

"उशीवर पाय ठेवल्यासारखं."

ऊन भिंतीवरून चढत छपराकडे निघालं होतं. चौथ्या मजल्यावरच्या बाई ओरडून विचारत होत्या की पेट्रोल आहे ना. धरणवाले काका वाकून बघत होते आणि म्हणत होते, "गळती असणार. गळती दिसत नाही तीच वाईट असते." व्याह्यांचा फोन आला, ट्रेन वेळेवर आहे. चेअरमनांच्या कपाळावर घाम, माझ्या कोपरापर्यंत तेल. पेडल तसंच, जमिनीला टेकणारं. मला गॅरेजवाल्याचं हसू ऐकू यायला लागलं. मी मान वर केली तर मागच्या काचेतून आई माझ्याकडे बघत होती, तशीच, नुसती.

"रविवारी नाही गेले तरी चालेल हो," ती हळूच म्हणाली. "फोन करीन ताईला."

मावशीला फोनवर काहीही ऐकू येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी स्क्रू आवळला तो जरा जास्तच आवळला. त्याच वेळी बायको बाटली रिकामी करायला उठली आणि मध्येच थांबली.

"खेळाचं पान डावीकडे होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी खेळाचं पान डावीकडे घातलं होतं. आता ते उजवीकडे आहे. पेपर कोणी हलवले?"

 गाडीच्या मागच्या सीटवरून एक अत्यंत स्वच्छ शांतता आली.

"आई?"

"झाडायला नको का?" आई म्हणाली. "अस्वच्छ म्हणाले ना सगळ्यांदेखत. दोन्ही पेपर वस्तूंसकट ओढून घेतले, झाडलं, पुसलं, परत ठेवले. पेपरवरची एकही वस्तू इकडची तिकडे केली नाही मी. पेपर कुठला का असेना, पेपरच की."

बायको चाकाशी वाकली. थिएटरमध्ये सर्जनच्या चुका बघून न बघितल्यासारखं करायची तिला सवय आहे, पण या वेळी तिने केलं नाही. "हवा बाहेर पडायचा हा स्क्रू. हा वरच्या बाजूला असायला हवा ना? तुमचा दोन्हीकडे खाली आलाय. डाव्याचं उजव्याला लावलंत. हवा वर बसलीय मजेत, आणि आपण खालून तेल काढतोय. सलाईनची बाटली उलटी टांगल्यासारखं."

हवा वर जाते. शाळेत हे शिकवलं तेव्हा मी वर्गात होतो. तेल बाहेर काढताना इतका वेळ मी त्या स्क्रूच्या नाकाला नाक लावून बसलो होतो, आणि तो खाली का, हा प्रश्न मला पडला नव्हता. सगळं इतक्या सहज बसलं होतं ना.

"म्हणजे," चेअरमन सावकाश म्हणाले, "मी इतका वेळ जे दाबत होतो..."

"ते तुमच्याच ठरावामुळे," धरणवाले काका म्हणाले. दिवसभरात त्यांनी काढलेला हा एकमेव बरोबर निष्कर्ष.

यानंतर माणसं ज्या वेगाने हलली त्या वेगाने आमच्या सोसायटीत पूर्वी कधी काही झालेलं नाही. कॅलिपर काढले, अदलाबदल केली. चेअरमनांनी फोन आईकडे दिला आणि तिला सांगितलं की कोणाचाही आला तरी घेऊ नका. आईने व्याह्यांचा फोन घेतला आणि सांगितलं की ते पेडल मारतायत. दाबा. धरा. सोडा. एक मोठा बुडबुडा आला, ढेकर दिल्यासारखा, त्यामागून बारीक, मग नुसतं तेल.

"कसं लागतंय?"

 चेअरमनांनी पुन्हा दाबलं. "दगड," ते म्हणाले. "दगड लागतोय."

बायकोने पाने मोजले. मग पुन्हा मोजले. मग मला चाकं लावून गाडी स्टँडवरून खाली उतरवू दिली.

आमच्या फाटकाबाहेर उतार आहे आणि उताराच्या खाली रस्ता. आई मागे बसलीच होती, ती म्हणाली, आता कशाला उतरवता. मागे चेअरमन आपल्या नव्या गाडीत, हॉर्नवर हात ठेवून. मी पहिल्यांदाच स्वतः बसवलेल्या ब्रेकवर पाय ठेवणार होतो, पुढे बस जात होती, मागे आई होती, आणि मला त्या क्षणी एकही बोल्ट आवळल्याचं आठवेना. गाडी उताराला लागली. मी दाबलं.

गाडी जागेवर उभी राहिली. खिळा ठोकल्यासारखी. चेअरमनांना आमच्या गाडीच्या विचार करून थांबण्याची सवय होती, त्यामुळे त्यांची नवी गाडी आमच्या मागे बोटभर अंतरावर येऊन थांबली. आरशात ते काहीतरी बोलताना दिसले. छपराच्या काचेतून ते आकाशालाही ऐकू गेलं असावं.

सरळ जाताना स्टिअरिंग जरा उजवीकडे बघत होतं, ते त्याच संध्याकाळी दुकानात नेऊन सरळ करून घेतलं. सकाळी तपासणीला हजर. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी रिकामी करा."

"मी उतरत नाही," आई म्हणाली. "मला उतरवेपर्यंत तुमची जेवणाची सुट्टी होईल. मला धरून तपासा."

"नियम आहे, आजी."

"मग उतरवा. कुठून धरायचं ते मी सांगते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मागे लागलेल्या रांगेकडे पाहिलं आणि मुकाट ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पट्टा लावा म्हणाले. आईने लावला. मी बाहेर उभा राहिलो. गाडी मैदानाच्या टोकापर्यंत गेली, वळली, वेगाने परत यायला लागली. मी उभ्या उभ्या जमिनीवरच ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या पट्ट्यावर कच्चकन थांबली. आई पुढे गेली, मागे आली. खिडकीतून मला दिसलं, ती साहेबांच्या खांद्यावर थोपटत होती.

साहेब उतरले आणि म्हणाले, "पुढचं सगळं नवीन आहे. अजिबात आवाज नाही. कुठल्या गॅरेजमध्ये केलंत?"

मी उत्तर दिलं. ते उत्तर मी पुढे कित्येक लोकांना, न विचारता, दिलेलं आहे.

तिथून थेट मावशीकडे. वृद्धाश्रमाच्या फाटकात एक गतिरोधक आहे. गाडी त्यावरून मांजरासारखी गेली, ना कुर्र, ना कट्. मी अभिमानाने आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. मावशीची खोली फाटकाशेजारीच. आम्ही आत गेलो.

मावशी पलंगावर बसली होती. केस मोकळे विस्कटलेले, दात पेल्यातल्या पाण्यात, आणि मांडीवर मध्ये क्रीम भरलेल्या बिस्किटांचा पुडा. साखरेच्या रोगामुळे तिला या बिस्किटांची बंदी आहे आणि ती कधी खात नाही, हे ती आम्हाला दर रविवारी शपथेवर सांगते. दाराशी आम्हाला बघून तिने आधी पुडा उशीखाली घातला, मग तोंडावर हात घेतला, आणि मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"चोराछारखे आलात," ती बिनदाताची म्हणाली.

"अगं ताई, गाडी दुरुस्त केली त्याने. आवाज येत नाही आता."

"कोनी छांगितलं होतं?"

ती भेट तशीच संपली. ती वळली नाही. आम्ही खुर्च्यांवर बसून तिच्या पाठीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी म्हणालो, पुढच्या वेळी हॉर्न वाजवतो. भिंतीकडून उत्तर आलं, "हॉर्न छगळेच वाजवतात."

परत येताना मी मावशीच्या विस्कटलेल्या केसांचाच विचार करत होतो. दर रविवारी मावशी वेणी घालून, दात लावून, नीट बसलेली असायची. इतकी वर्षं मला वाटायचं ती दिवसभर तशीच असते.

"जुनं जे काढलंस," आई म्हणाली, "ते टाकलं नाहीस ना?"

"आई, ते परत बसवणार नाही मी. दाखला मिळालाय."

"बसव कोण म्हणतंय."

पुढच्या रविवारी ती मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसली. खास शिवलेली, नाडी लावून. फाटक आलं तशी तिने मला हळू व्हायला सांगितलं, आणि पिशवीतून गाडीखालची बदललेली जुनी सळई काढली. हातभर लांब, दोन्ही टोकांना सैल झालेले गोळे, हलवली की आपोआप वाजणारी. तिने हात खिडकीबाहेर काढला.

"कट् माझ्याकडे," ती म्हणाली. "कुर्र तू काढ."

"मी?"

"मग कोण? मला दम लागतो."

फाटकावरचा वॉचमन बघत होता. मागच्या सीटवर बायको खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघायला लागली. ज्या माणसाने म्हशीएवढी स्प्रिंग गुडघ्यांत धरली, साहेबांकडून शाबासकी घेतली, त्या माणसाने गतिरोधकावर पुढची चाकं चढवली आणि तोंड खिडकीबाहेर काढून म्हटलं, "कुर्र."

"मोठ्याने."

"कुर्रर्र."

कट्, आईने वाजवलं.

खोलीच्या खिडकीतला पडदा हलला. मी इंजिन बंद करून दार उघडायला लागलो, तर आईने माझा हात धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "दात बसवू दे तिला."